उचललेला पूल



या वेळी पुलावर लिहितोय. आपल्यातले काही शहाणे नाक मुरडतील. म्हणतील, जिनिंगमधला हा पोऱ्या कविता सोडून खडी-सिमेंटवर लिहायला लागला. लागलो! ज्याला रोज पॅन्ट गुडघ्यावर खोचून ओढ्यातनं कामाला जावं लागतं त्याला पुलाएवढा मोठा दुसरा विषय नाही. क्रांती येईल तेव्हा तीही कुठल्यातरी रस्त्यानंच येईल ना? की ती हेलिकॉप्टरनं उतरणार आहे?

२०२५ च्या एप्रिलात आमच्या जिनिंगमध्ये जो तो मोबाइलवर एकच चित्र बघत होता. तिकडं तमिळनाडूत रामेश्वरमच्या बेटावर जाणारा पांबनचा नवा रेल्वे पूल. ६ एप्रिलला त्याचं उद्घाटन झालं. समुद्रावर दोन किलोमीटरहून जास्त लांब. त्याच्या मधला ७२.५ मीटरचा तुकडा आडवाच्या आडवा १७ मीटर वर उचलला जातो. खालनं जहाज जातं. मग तुकडा खाली येतो आणि वरनं गाडी जाते. जुना पूल तिथं १९१४ पासून होता. त्याची मधली दोन पाती कामगार हातानं दांडे फिरवून उघडायचे. हातानं! १९६४ च्या डिसेंबरात वादळानं तिथली अख्खी गाडी माणसांसकट समुद्रात ओढून नेली, पूल मोडला, तो परत उभा केला. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात त्यावरच्या गाड्या थांबवल्या. तोवर शेजारी नवा पूल उभा राहात होता, बेटावरच्या लोकांच्या डोळ्यांसमोर.

सरकीचे ढीग ओढणारे आमचे गडी तोंडाचा रुमाल खाली करून, डोळे फाडून हे बघत होते. गाठी बांधणारा एक म्हातारा मात्र तंबाखू मळत म्हणाला, "ह्यात काय नवल रं? उचलायचा पूल तर मपल्या गावात बी हाय की."

सगळे हसले. म्हातारा हसला नाही. त्याला जे म्हणायचं होतं तेच मी इथं सविस्तर मांडतोय.

पांबनचा पूल जहाज जावं म्हणून उचलतात. आमच्याकडचा पूल माणूस येऊ नये म्हणून उचलतात. फरक एवढाच. तिकडं चाकं आणि मोटारी लागतात. इकडं काहीच लागत नाही. अंदाजपत्रकात एक ओळ कमी लिहिली की पूल उचलला गेला.

ही विद्या आपल्या मुलखात आजची नाही. देवगिरीचा किल्ला बघा. डोंगर खालनं तासून उभा कडा केलेला, भोवती खडकात कोरलेला खंदक, आणि आत जायला पुलावरनं एकच चिंचोळी वाट. शत्रू आला की पूल काढून घ्यायचा. शाळेच्या सहलीत मास्तर हे फार कौतुकानं सांगतात. पण त्याच किल्ल्याच्या दारात १९३४ साली काय झालं ते सांगत नाहीत. बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते, वाटेत दौलताबादला थांबले. मुलूख निजामाचा. आपलं बीडही तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं हे ध्यानात ठेवा. दिवस रमजानचे. किल्ल्याच्या दारालगत काठोकाठ भरलेला हौद. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या मंडळींनी हात-पाय-तोंड धुतलं. झालं! अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून लोक आरडत धावून आले. ते मुसलमान होते. जात हिंदूंची, पण रोग शेजारच्या घरातही गेलेला. बाबासाहेबांनी त्यांना सवाल केला की तुमचा धर्म हे शिकवतो का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी अडवाल का? तेव्हा कुठं ते गप झाले. मग आत जायची परवानगी मिळाली ती कशी? आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही, आणि नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत. बाबासाहेबांनी हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलंय.

गोलमेज परिषदेत बसून आलेला, दोन विलायतांत शिकून आलेला माणूस! दार उघडं होतं. खंदकावरचा पूल जागेवर होता. तरी पूल उचललेलाच होता.

आता आमच्या पुलाकडं येतो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या वस्तीतल्या बायांचं निंदणी-खुरपणीचं काम बंद होईल, आणि ते काम बंद झाल्यावर चूल पेटवायला कुठली चळवळ येत नाही हे मला ठाऊक आहे. जिल्ह्यातलंच गाव, सिंदफणेला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठचं, एवढं बास. ओढ्याच्या अलीकडं गाव, पलीकडं आमची वस्ती. शाळा गावाकडं, रेशन गावाकडं, एस.टी. गावाकडं, डॉक्टर आठवड्यातनं दोनदा येतो तोही गावाकडं. वस्तीकडं काय? ओढा. सरकारनं २०२० च्या डिसेंबरात ठरवलं की वस्त्यांना जातीची नावं नकोत. चांगलं केलं. दलित वस्ती सुधार योजनेचंही नाव बदललं. कागदावर आम्ही आता नगर झालो. पाऊस आला की ओढ्याला मात्र कुणी कळवलेलं नसतं.

तर २०२३ च्या डिसेंबरात पूल आला. तीन गाळ्यांचा, स्लॅबचा. अख्खी वस्ती बघायला लोटली. तुम्ही हसाल, पण ज्याच्या दारात आयुष्यात पहिल्यांदा काही बांधलं जातंय त्याचं बघणं निराळं असतं. म्हातारे सकाळी भाकरी खाऊन खडीच्या ढिगावर जाऊन बसायचे. सळई किती जाडीची, जाळी किती अंतरावर बांधली, यावर त्यांच्यात वाद. सेंट्रिंगवाले परमुलखातले, पाणी प्यायला आमच्याच घरात यायचे. पोरं तर पायाच्या खड्ड्यात पडायची तेवढी बाकी. आमच्या शेजारची एक आजी, १९७२ च्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, तिनं एक काम मनानंच अंगावर घेतलं. रोज किती सिमेंटच्या गोण्या उतरल्या ते ती मोजायची आणि घराच्या भिंतीवर कोळशानं तेवढ्या रेघा ओढायची. पाच-पाचचे जुडगे करून. तिला अक्षर येत नाही. "दुष्काळात मुकादम आमच्या खडीचं माप चोरायचा," म्हणायची, "तवापासून मी मोजते." भिंतीवर ४१२ रेघा आहेत. माती उडू नये म्हणून तिनं त्या भिंतीला दिवाळीतही पोतेरं मारलं नाही.

पुढं काय झालं? स्लॅब पडला. सेंट्रिंग निघालं. गावाकडच्या बाजूनं मुरूम पडला, रोलर फिरला, छान उतार झाला. आमच्या बाजूनं काहीच नाही. स्लॅब जिथं संपतो तिथं संपतो. खाली पाच फुटांवर जमीन. गुत्तेदाराला विचारलं. तो म्हणाला, "पलीकडचा जोडरस्ता एस्टिमेटमध्ये नाही." मग अलीकडचा कसा आहे? तर तो म्हणे गावानं केला. साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, पुढच्या टप्प्यात बघू, निधी आल्यावर. पाच फुटांसाठी पुढचा टप्पा!

२०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आधी घाईघाईनं नारळ फुटला. फीत गावाकडच्या टोकाला बांधली. पुढारी ती कापून पुलावर चालत आला, मधोमध आला, फोटो झाला, आणि तिथनंच माघारी फिरला. पलीकडच्या टोकाला आम्ही उभे होतो, खाली, मान वर करून. बापहो, पुलाचं उद्घाटन मी खालनं बघितलंय!

आज तो पूल कामाला येतो, नाही असं नाही. बागायतदाराची तूर त्यावर वाळते. सोयाबीनचं खळं होतं. ट्रॉली उभी राहते. आम्ही पाच फुटांखाली दगड रचलेत, त्यावर पाय देऊन चढतो. बायका डोक्यावर ओझं घेऊन चढतात. पोरी दप्तर आधी वर फेकतात आणि मग स्वतः चढतात. भिंतीवर रेघा ओढणारी ती आजी २०२५ च्या जुलैत रेशनचे गहू घेऊन उतरत होती. दगड ओले होते. खुब्याचं हाड मोडलं. तिला बाजेवर घालून चौघांनी वर चढवलं तेव्हा बाज तिरपी झाली आणि ती खाली बघून म्हणाली, "माझे गहू सांडले बघा." तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून पडून आहे.

मग सप्टेंबर आला. २०२५ चा सप्टेंबर बीडमध्ये कुणी विसरणार नाही. आष्टी तालुक्यात पुरात अडकलेली माणसं काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. सिंदफणा फुगली, गोदावरी फुगली, माजलगावच्या धरणातनं पाणी सोडलं, कापूस उभ्याउभ्या कुजला. आमच्या पुलाच्या तीन गाळ्यांत पऱ्हाट्या आणि उसाचं पाचट अडकलं. गावाकडं भरावाची भिंत, मग पाणी जाणार कुठं? ते वस्तीत शिरलं. पूल नव्हता तेव्हा ओढा दारात यायचा. पूल झाल्यावर चुलीपर्यंत आला. वस्तीतल्या पोरी नऊ दिवस शाळेला गेल्या नाहीत.

आणि याच महिन्यात रेल्वे आली. १७ सप्टेंबर २०२५, मुक्तिसंग्राम दिन. नगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली.

रेल्वे आली याचा मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू? नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. मी जन्मलो तेव्हा मंजुरीला तीन वर्षं होऊन गेली होती. मी बालवाडीत गेलो, शाळा सोडली, जिनिंगला लागलो, मिशा फुटल्या, रेल्वे येतच होती. खर्च ३५३ कोटींवरनं ४,८०५ कोटींवर गेला. २०२२ च्या २३ सप्टेंबरला गाडी आष्टीपर्यंत आली. मग अंमळनेर, विघनवाडी, राजुरी. लोक एकेक टप्पा बोटांवर मोजत होते. चाचणीचं इंजिन आलं की म्हाताऱ्या बाया हळदी-कुंकू घेऊन रुळाकडं निघायच्या. माझा मामा त्याच बाजूचा. त्यानं एका नदीवरच्या पुलाचे खांब उभे राहताना किती पावसाळे बघितले ते त्यालाच माहीत. बायको गेली ते साल त्याला पटकन सांगता येत नाही, पण गर्डर कधी चढवला ते सांगता येतं. तर माझी तक्रार त्याच्या बघण्यावर नाही. ज्यांनी त्याला तीस वर्षं नुसतं बघायला लावलं आणि शेवटी वर म्हणाले की आता आभार माना, त्यांच्यावर आहे. कशाचे आभार? बीडहून परळीकडचा रूळ त्या दिवशीही बाकीच होता.

आणि रुळाखाली गेलेल्या जमिनीचं बघा. ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला मावेजा. चालतं तसंच. ज्याच्या तीन पिढ्यांनी गायरान कसलं आणि ज्याचं नाव 'अतिक्रमणदार' म्हणूनही धड लागलेलं नाही, त्यानं काय दाखवायचं? हाताचे घट्टे? दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला. आपल्या बीडमध्ये एकनाथ आवाडांनी गायरानासाठी हयात घालवली. तरी प्रत्येक नव्या रस्त्यावर, प्रत्येक नव्या पुलावर तोच हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.

कुणी म्हणेल, सरकारी काम असंच चालतं, त्यात जात कुठं आली? सरकारला वेळ लागतो. लागतो का? महाड आठवा. २० मार्च १९२७ चं नव्हे, २ ऑगस्ट २०१६ चं महाड. सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळचा पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. महामार्ग बंद पडला. मग काय झालं? नवा पूल १६५ दिवसांत बांधला! २०१७ च्या जूनमध्ये सुरूसुद्धा केला. म्हणजे येतं बांधायला. तोच देश, तेच सिमेंट, तीच सळई, तोच घाम. १६५ दिवसांत अख्खा पूल होतो आणि आमचे पाच फूट होत नाहीत, कारण त्या पुलावरनं जाणाऱ्यांची वाट अडली होती. आमची अडली तर कुणाचं काय अडतं? उलट आम्ही चिखलातनं उशिरा कामावर पोचलो की मालक अर्धा दिवस कापतो. त्याचा फायदाच.

आणि नुसती मंजुरी म्हणजे पूल नव्हे हेही शिकून ठेवा. पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला पडला, चार माणसं गेली. नव्या पुलाचे पैसे मंजूर होते. मंजूर पैशावर पाय देऊन नदी ओलांडता येत नाही.

आता आपल्याच पोरांना दोन शब्द. झोंबतील.

पूल पुरा झाला तेव्हा वस्तीतल्या कार्यकर्त्यांची बैठक बसली. मला वाटलं जोडरस्त्यावर बोलतील. अडीच तास कशावर वाद? पुलाला नाव कुणाचं द्यायचं आणि कमानीवर फोटो किती. दोन गट झाले. एका गटाचा पुढारी गळ्यात निळा रुमाल घालून त्याच गुत्तेदाराच्या गाडीतनं आला होता. मुरमाचं पोटगुत्तं त्याच्याच मेव्हण्याकडं! म्हणजे आमच्या बाजूला जो मुरूम पडला नाही तो आमच्याच माणसाच्या खिशात पडला असायची शक्यता आहे. मी विचारलं तर म्हणाला, "तू चळवळीत फूट पाडतोस." जोडरस्ता मागणारा फूट पाडतो आणि मुरूम खाणारा ऐक्य करतो, हे नवं व्याकरण मला ठाऊक नव्हतं.

कुणी लगेच नामांतर काढील. काढा. मीच काढतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात आपली घरं जळाली. पोचिराम कांबळेंना मारलं. गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. तेव्हाही गावचे शहाणे म्हणत होते, नावानं काय पोट भरतं का? ते शहाणे हरामखोर होते आणि मी त्यांच्या बाजूला बसून बोलत नाही. ते नाव ज्या दारावर लागायचं होतं ते दार विद्यापीठाचं होतं. तिथनं आपली पोरं आत जाणार होती आणि ती वर मान करून जाणार होती, म्हणून तर तिकडं आग लागली. आमच्या पुलाला दारच नाही. अर्ध्यावर तुटलेल्या स्लॅबला बाबासाहेबांचं नाव द्यायला निघालात? उद्या आजीसारखी दुसरी कुणी पडली तर कागदावर लिहिलं जाईल, अमुक पुलावरनं पडली. त्या अमुकच्या जागी ते नाव चालेल तुम्हाला? मला चालत नाही. आधी पाच फूट. मग नाव. मग कमानीसाठी मीही डोक्यावर घमेलं घेईन.

"मग करायचं काय, ते सांग," असं एक कॉलेजातला दोस्त म्हणाला. त्याला मार्क्स तोंडपाठ, पण ओढ्यातला चिखल बुटाला लागू देत नाही. त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. माहितीचा अधिकार २००५ चा आहे. आपल्या लोकांनी तो अर्जाच्या नमुन्यापलीकडं वाचलेला नाही. मी नववीपर्यंत शिकलोय, रद्दीतली पुस्तकं वाचून अक्षर टिकवलंय, तरी मी वाचला. दुसऱ्याच कलमात लिहिलंय की माहितीचा अधिकार म्हणजे नुसत्या कागदाच्या नकला नव्हेत. कामाची पाहणी करायचा अधिकार त्यात आहे. बांधकामातल्या मालाचा प्रमाणित नमुना मागायचा अधिकार त्यात आहे. म्हणजे तुम्ही जाऊन म्हणू शकता, या स्लॅबचा तुकडा द्या, त्याच्यावर सही-शिक्का मारून द्या. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. तीस दिवसांत उत्तर.

मागायचं काय तेही नीट बघा. 'पुलाची सर्व माहिती द्या' असं लिहिलंत की साहेब हसतो आणि कायतरी गठ्ठा अंगावर टाकतो. मंजूर अंदाजपत्रक मागा, नकाशासकट. त्यात जोडरस्ता दोन्हीकडं दाखवलाय का ते बघा. मोजमाप पुस्तिका मागा. त्या पुस्तिकेला ते एम.बी. म्हणतात आणि गुत्तेदाराचं बिल तिच्यावरच निघतं. भरावाचा मुरूम किती घनमीटर मोजला, कोणत्या तारखेला मोजला, मोजणाऱ्याची सही कुणाची. काम पूर्ण झाल्याचा दाखला मागा. पाच फूट लटकलेल्या पुलाला 'पूर्ण' कुणी लिहिलं त्याचं नाव कळेल. सिमेंटच्या किती गोण्या दाखवल्यात ते मागा. आमच्याकडं त्याचा ताळा करायला भिंत आहे.

हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. बीड आहे हे. पवनचक्कीच्या कामावरच्या भांडणात मध्ये पडलेल्या मस्साजोगच्या सरपंचाचं, संतोष देशमुखांचं, ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून खून झाला. ते तर सरपंच होते, त्यांच्या मागं गाव होतं. आपण कोण? म्हणून एकट्यानं अर्ज करू नका. एकाच कामावर सात जणांनी सात अर्ज टाका, बायांनी टाका, वेगवेगळ्या तारखांना टाका. एकाचा अर्ज मागं घेतला गेला तर सहा उरतात. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच दोन ठिकाणी ठेवा, एक तालुक्याच्या गावातल्या पाव्हण्याकडं.

आम्ही तसंच केलंय. सात अर्ज, त्यातले चार बायांचे. पहिला अर्ज आजीच्या नावावर आहे, तिनं बाजेवर पडून अंगठा दिला. अंगठा देताना विचारलं, "रेघा बी लावल्यात का रं त्याला?" भिंत कशी लावणार? म्हणून एका पोरानं भिंतीचा फोटो काढला, तो छापून अर्जाला जोडला. खिडकीतल्या बाबूनं तो उलटा धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, हे काय आहे? सोबतची बाई म्हणाली, "एम.बी. हाय आमची."

आजीच्या अर्जाचा तिसावा दिवस येत्या मंगळवारी भरतोय. त्या दिवशी आम्ही अर्धी रजा टाकून सकाळी अकराला पंचायत समितीच्या बांधकामाच्या खोलीत जाऊन बसणार आहोत. उत्तर आलं तर तिथंच उघडून वाचू, नाही आलं तर तिथंच अपील लिहू. बीडकडच्या ज्या मित्रांच्या गावात असा अर्धा पूल असेल त्यांनी त्याची लांबी, गाळे आणि लटकलेल्या टोकाची उंची टेपनं मोजून कागदावर लिहून आणावी. टेप नसेल तर हातानं मोजा, पण मोजणाऱ्याच्या हाताची लांबी शेजारी लिहा. डबा आपापला आणावा, तिथलं कॅन्टीन महाग आहे.